परागकणाला सोन्याचं पाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं घेतलेलं परागकणाचं छायाचित्र आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असेल. पाठ्यपुस्तकात, कॅलेंडरवर, एखाद्या मासिकाच्या मुखपृष्ठावर. काटेरी चेंडू, जाळीदार फुगे, मधोमध खाच असलेले गव्हासारखे दाणे. बहुधा निळे, नारिंगी, जांभळे. त्यातला रंग नंतर संगणकावर भरलेला असतो, हे आता पुष्कळांना ठाऊक झालं आहे. इलेक्ट्रॉनांना रंग कळत नाही. मूळ चित्र काळं-पांढरंच असतं. पण आकार तरी खरा असतो ना, असं आपण धरून चालतो. आज मला त्या आकाराबद्दलच बोलायचं आहे. फुलातून निघालेला परागकण यंत्राच्या पडद्यावर येईपर्यंत त्याच्यावर कोणकोणते संस्कार होतात, त्यात त्याचं काय राहतं आणि काय जातं, याची ही गोष्ट.

परागकण म्हणजे पुंकेसरांच्या टोकाशी, परागकोशात तयार होणाऱ्या पुडीतला एक दाणा. जास्वंदीच्या फुलाला बोट लागलं की जी पिवळी धूळ चिकटते, ती ही पूड. हे दाणे मायक्रॉनमध्ये मोजतात. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. जास्वंदीचा किंवा भोपळ्याचा परागकण १०० मायक्रॉनच्या पुढचा. नजर चांगली असेल तर काळ्या कागदावर सुटा दाणा ठिपक्यासारखा दिसतोही. उलट गाजरगवत घ्या. काँग्रेस गवत म्हणून आपण ज्याच्या नावानं बोटं मोडतो आणि १९५०च्या दशकाच्या मध्यावर जे पुण्यात अभ्यासकांच्या नजरेत भरलं, त्याचा परागकण जेमतेम १५ ते २० मायक्रॉनचा. त्यावरही पुन्हा काटे. ते काटे मोजायचे, त्यांची टोकं कशी आहेत ते पाहायचं, तर साधा सूक्ष्मदर्शक लवकरच हात टेकतो.

प्रकाशानं पाहायचं म्हटलं तर मायक्रॉनच्या पाचव्या भागापेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही. भिंग कितीही चांगलं घ्या, ती प्रकाशाचीच मर्यादा आहे. दुसरी अडचण अशी की, दाण्याच्या वरच्या काट्यावर नजर स्थिर केली की खालचा भाग धूसर होतो. इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत दाण्यावरून फिरवून चित्र उभं करणारा सूक्ष्मदर्शक १९६५ साली केंब्रिजच्या कंपनीनं बाजारात आणला आणि या दोन्ही अडचणी एकदम दूर झाल्या. वरचा काटा आणि खालची खाच एकाच वेळी स्वच्छ दिसू लागली. परागकणांच्या अभ्यासकांनी या यंत्राकडे धाव घेतली यात नवल नव्हतं.

पण या यंत्राची एक अट असते. त्याच्या पोटात हवा चालत नाही. हवेतल्या रेणूंवर आपटून इलेक्ट्रॉन इतस्ततः फेकले जातात, म्हणून नमुना ठेवण्याची पेटी पंपानं जवळजवळ निर्वात करावी लागते. आता ताज्या फुलातला परागकण हा जिवंत, पाणी बाळगून असलेला दाणा. निर्वात पेटीत ते पाणी भराभर उडून जातं. भिंत भक्कम असेल तर दाणा टिकतो. नाजूक असेल तर गालफडं बसावीत तसा चेपतो. गवतांचे परागकण मुळात गोल गुळगुळीत असतात, पण तयारी न करता आत ठेवले तर हवा गेलेल्या फुटबॉलसारखे दिसतात. पाहणारा नवखा असेल तर चित्र बघून तो लिहून मोकळा होईल की, या वनस्पतीच्या परागकणांना खोल खड्डे असतात. खड्डे यंत्रानं पाडलेले असतात, वनस्पतीनं नव्हे.

म्हणून तयारी करावी लागते. तिच्या तीन-चार रीती आहेत, आणि प्रत्येकीत काहीतरी राखलं जातं, काहीतरी सोडून द्यावं लागतं.

सर्वांत जुनी आणि आजही सर्वाधिक वापरली जाणारी रीत आम्लाची. ती समजण्यासाठी परागकणाची भिंत कशी असते ते थोडं सांगते. तिचे दोन थर असतात. आतला थर साध्या सेल्युलोजचा, म्हणजे कापूस ज्याचा बनतो त्याचाच. बाहेरचा थर स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचा. वनस्पतींनी बनवलेल्या पदार्थांत इतका चिवट पदार्थ दुसरा सापडणं कठीण. तीव्र आम्लांना तो दाद देत नाही, कुजत नाही, दलदलीच्या तळाशी हजारो वर्षं आणि खडकांत लक्षावधी वर्षं टिकतो. याच भरवशावर स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ साली ओस्लो इथल्या आपल्या व्याख्यानात दलदलीतल्या परागकणांवरून प्राचीन जंगलांचा इतिहास मांडून दाखवला. आपल्याकडे बिरबल सहानी यांनी लखनौला पुरावनस्पतिशास्त्राची संस्था उभी केली; तिथेही पुढे या विद्येचं मोठं काम झालं. १९४९च्या ३ एप्रिलला पंडित नेहरूंच्या हस्ते त्या संस्थेच्या इमारतीची कोनशिला बसली आणि आठवड्याभरातच सहानी गेले.

आम्लाची रीत बसवली ती स्वीडनच्याच गुन्नार एर्टमान यांनी. ॲसिटिक ॲनहायड्राइडचे नऊ भाग आणि तीव्र गंधकाम्लाचा एक भाग असं मिश्रण करायचं, तेही ऐन वेळी. परागकोश आधी शुद्ध ॲसिटिक आम्लात भिजवून त्यातलं पाणी घालवायचं. ही पायरी गाळता येत नाही, कारण त्या मिश्रणाची आणि पाण्याची गाठ पडली तर ते उसळून अंगावर येतं. मग नळीत मिश्रण घालून ती उकळत्या पाण्याच्या भांड्यात काही मिनिटं धरायची, अधूनमधून काचेच्या कांडीनं ढवळायचं. द्रव हळूहळू तपकिरी होतो. नंतर नळी यंत्रात गरगर फिरवली की परागकण तळाशी बसतात. वरचा द्रव ओतून टाकायचा, पुन्हा ॲसिटिक आम्ल, मग पाण्यानं दोन-तीनदा धुवायचं. हे सगळं धूर ओढून घेणाऱ्या कपाटात, हातमोजे आणि चष्मा घालून. व्हिनेगरचा वास हजारपटीनं वाढवला तर जसा असेल तसा वास दिवसभर नाकात राहतो. पहिल्या दिवशी उत्साहानं आलेले विद्यार्थी दुसऱ्या दिवशी जरा दबकतच येतात.

एवढं सोसून हाती येतं ते लखलखीत असतं. दाण्यावरचं तेलकट चिकट आवरण, आतला जीवद्रव्याचा गोळा, सेल्युलोजचा थर, सगळं विरघळून गेलेलं असतं. उरतं फक्त स्पोरोपोलेनिनचं सोनेरी-तपकिरी कवच, त्यावरच्या प्रत्येक काट्या-जाळीसकट. ओळख पटवण्यासाठी याहून चांगलं काही नाही. वनस्पतींच्या वर्गीकरणात या कवचाला किती वजन मिळालं याचं आपल्या सह्याद्रीतलंच उदाहरण आहे. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी ज्या गटात येते, त्या गटातल्या वनस्पती वरून पुष्कळ सारख्या दिसतात. परागकण मात्र कमालीचे निरनिराळे. डच अभ्यासक ब्रेमेकांप यांनी १९४४ साली या गटाची फोड करून अनेक नवे गण पाडले, ते बऱ्याच अंशी परागकणांच्या आधारे. आपल्या कारवीला 'कार्व्हिया' हा स्वतंत्र गण त्यांनीच दिला. पुढच्या अभ्यासकांनी त्यातली बरीच विभागणी मोडून पुन्हा एकच मोठा गण केला, हा भाग वेगळा.

पण लक्षात घ्या, आम्लातून निघालेला परागकण हा शंख आहे, त्यातला जीव नव्हे. तो पोकळ असतो. हे वाक्य कृपया ध्यानात ठेवा. थोड्या वेळानं त्याची गरज पडणार आहे.

दुसरी रीत आम्ल अजिबात न वापरणारी. इथे परागकण जसा आहे तसा, भरलेला आणि फुगलेला ठेवून त्यातलं पाणी काढायचं असतं. पाणी नुसतं उडू दिलं तर दाणा चेपतो, कारण उडता उडता पाण्याचा पृष्ठभाग भिंतींना आत ओढतो. ओल्या कुंचल्याचे केस एकमेकांना कसे बिलगतात, तीच ओढ. ती टाळायची युक्ती अमेरिकेच्या टॉमस अँडरसन यांनी १९५१ साली मांडली. आधी दाण्यातली प्रथिनं ग्लुटराल्डिहाइडनं जागच्या जागी पक्की करायची. मग पाण्याच्या जागी हळूहळू अल्कोहोल आणायचं: ३० टक्के, ५०, ७०, ९०, शेवटी निव्वळ. घाई केली तर दाणा आकसतो, म्हणून ही जिन्याची चढण. मग जाड पोलादी कोठीत अल्कोहोलची जागा द्रवरूप कार्बन डायऑक्साइड घेतो आणि कोठी तापवली जाते. तापमान ३१ अंश सेल्सिअसच्या आणि दाब वातावरणाच्या सुमारे ७३ पटींच्या पुढे गेला की एक चमत्कारिक गोष्ट घडते. द्रव आणि वायू यांच्यातली सीमाच पुसली जाते. पृष्ठभागच उरला नाही तर ओढणार कोण? मग दाब हळूहळू सोडायचा. दाणा कोरडा होतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. तुलनेसाठी सांगते, घरच्या कुकरमध्ये शिटी व्हायच्या वेळी वातावरणाच्या साधारण दुप्पट दाब असतो.

तिसरी रीत म्हणजे काहीच न करण्याची. कोरडी पूड थेट ठेवायची आणि पाहायचं. ही आळशाची रीत म्हणून तिला नाकं मुरडली जातात, पण मला ते पटत नाही. फुलातून बाहेर पडलेला परागकण वाऱ्यावर किंवा मधमाशीच्या अंगावर असताना आपणहून वाळतो आणि घडी घालून बसतो. बहुतेक परागकणांना खाचा किंवा छिद्रं असतात. कोरडं पडलं की त्या खाचा आत मिटतात आणि उरलेलं पाणी वाचतं. लिलीचा दाणा अशा वेळी निमुळत्या होडीसारखा दिसतो. ओला झाला की टम्म फुगतो. २०१० साली अमेरिकेतल्या एलेनी कातिफोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही घडी कशी पडते याचं गणितच मांडून दाखवलं. खाचेपाशी भिंत मऊ, बाकी कडक, एवढ्या रचनेवर ती घडी आपोआप नेमकी बसते.

म्हणजे लिलीच्या परागकणाचा खरा आकार कोणता, होडी की फुगा? दोन्ही खरे. मधमाशी होडी वाहून नेते, फुलाच्या ओलसर कुक्षीवर तिचा फुगा होतो. व्हिएन्ना विद्यापीठातल्या अभ्यासकांनी परागकणांचा जो मोठा चित्रसंग्रह सर्वांसाठी खुला केला आहे, त्यात दाण्याचा कोरडा आकार आणि ओला आकार अशा दोन वेगळ्या नोंदी असतात. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. पाणी काढण्याची एक सोपी रासायनिक रीतही तिथल्याच हाल्ब्रिटर यांनी १९९८ साली प्रसिद्ध केली.

कुठल्याही रीतीनं या, शेवटची पायरी सोन्याची. परागकण वीजवाहक नाही. इलेक्ट्रॉनांचा मारा झाला की ते त्याच्यावर साचतात आणि चित्रात पांढरे फराटे उठतात, जणू दाणा आतून पेटला आहे. म्हणून त्याला सोन्याचं पाणी द्यायचं. ॲल्युमिनियमचा, चपट्या डोक्याच्या खिळ्यासारखा दिसणारा छोटा ठोकळा असतो. त्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी कार्बनची पट्टी लावायची आणि तीवर दाणे पसरायचे. थोडेच, सुटे सुटे. दाण्यांचे ढीग झाले की सोनं खालपर्यंत पोचत नाही. एकेक दाणा उचलायला लोक काडीच्या टोकाला पापणीचा केस चिकटवून वापरतात. बाजारात त्याहून चांगलं हत्यार मिळत नाही. मग ठोकळा एका काचेच्या घुमटात ठेवून आत थोडा अरगॉन वायू सोडतात. विजेच्या दाबाखाली तो जांभळट उजळतो, त्याचे आयन वरच्या सोन्याच्या पत्र्यावर आदळून सोन्याचे अणू उडवतात आणि ते दाण्यांवर बसतात. मिनिटा-दोन मिनिटांचं काम. थर १० ते २० नॅनोमीटरचा, म्हणजे मायक्रॉनचाही पन्नासावा-शंभरावा भाग. सोन्याचा भाव ऐकून कुणी दचकू नये. अर्ध्या इंचाच्या ठोकळ्यावर असा थर द्यायला हिशेबानं एका ग्रॅमचा वीस हजारावा भागही लागत नाही.

तर अशा तीन रीती आणि वर सोनं. आता प्रश्न असा की, कुठली रीत केव्हा? याचं उत्तर चुकलं तर काय होऊ शकतं, हे सांगण्यासाठी आपल्याला प्रयोगशाळेतून उठून १९८०च्या आसपासच्या लाओस आणि थायलंडच्या सरहद्दीवर जावं लागेल.

व्हिएतनामचं युद्ध संपल्यावर लाओसमधल्या हमोंग या डोंगरी जमातीवर तिथल्या नव्या राजवटीचा रोष होता, कारण त्यांच्यातले बरेच जण अमेरिकेच्या बाजूनं लढले होते. हजारोंनी लोक पळून थायलंडच्या छावण्यांत आले. त्यांनी सांगितलं, आकाशातून पिवळे चिकट थेंब पडतात आणि माणसं आजारी पडतात, मरतात. पानांवरचे, दगडांवरचे वाळलेले पिवळे डाग नमुने म्हणून पाठवले गेले. १३ सप्टेंबर १९८१ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी बर्लिनमध्ये जाहीर आरोप केला, की सोव्हिएत संघाच्या मदतीनं तिथे बुरशीपासून काढलेल्या विषाचा शस्त्र म्हणून वापर होतो आहे. रासायनिक आणि जैविक शस्त्रांवरच्या आंतरराष्ट्रीय करारांचा हा भंग ठरला असता. अण्वस्त्रांच्या स्पर्धेचे ते दिवस. 'पिवळा पाऊस' हे शब्द जगभरच्या वर्तमानपत्रांत गाजले.

आणि मग ते डाग सूक्ष्मदर्शकाखाली गेले. त्यात परागकण खच्चून भरलेले होते.

विषात परागकण कशाला? आरोप करणाऱ्यांच्या बाजूनं खुलासा आला की, विष श्वासातून आत जावं म्हणून ते मुद्दाम मिसळले असतील. हार्वर्डचे जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन यांना हे पचेना. त्यांनी वनस्पतींचे, मधमाश्यांचे जाणकार गोळा केले. मधमाश्यांचे अभ्यासक टॉमस सीली यांनी वर्णन ऐकून सांगितलं, ही तर मधमाश्यांची विष्ठा वाटते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या जोन नॉविकी यांनी डागांतले परागकण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. कवचांवरच्या नक्षीवरून झाडांची कुळं ओळखता आली, आणि ती त्याच भागातल्या झाडांची, मधमाश्या ज्यांवर जातात त्या झाडांची निघाली. एका डागातलं मिश्रण दुसऱ्या डागासारखं नव्हतं. कारखान्यात ढवळून केलेलं विष असतं तर सगळे डाग सारखे असते. निरनिराळ्या माश्या निरनिराळ्या फुलांवरून येतात, त्यांच्या पोटात निरनिराळं असणारच. मेसेल्सन आणि नॉविकी यांचा हा अहवाल १९८४ साली 'नेचर'मध्ये आला.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो दुसराच मुद्दा. ते परागकण पोकळ होते. आतली प्रथिनं नव्हती, उरली होती ती कवचं. फुलातून गोळा केलेला किंवा मधमाशीच्या पायावरून काढून बाजारात विकला जाणारा परागकण भरलेला असतो. पोकळ होतो तो मधमाशीच्या आतड्यातून गेल्यावर. ती आतलं सत्त्व पचवते. स्पोरोपोलेनिन तिलाही पचत नाही. पोकळ दाण्यांनी सांगितलं की हा माल कुणी गोळा करून मिसळलेला नाही.

आता मघाचं वाक्य आठवा. आम्लातून काढलेला प्रत्येक परागकण पोकळ असतो. मधमाशीचं आतडं आणि एर्टमान यांचं मिश्रण, दोघं शेवटी एकच काम करतात. समजा एखाद्यानं सवयीनं सगळाच्या सगळा नमुना आम्लात घातला असता. झाडांची नावं झकास कळली असती. पण दाणे मुळात भरलेले होते की रिकामे, हा पुरावा त्याच्याच हातून कायमचा विरघळून गेला असता आणि नंतर कितीही भारी यंत्र आणलं असतं तरी तो परत मिळाला नसता. म्हणून असा दुर्मीळ नमुना आला की तो आधी वाटून घ्यायचा असतो. एक भाग न हाताळता बाजूला. एक भाग रंग देऊन साध्या सूक्ष्मदर्शकाखाली, आत प्रथिनं आहेत का पाहायला. वाटल्यास काही दाणे राळेत बसवून, हिऱ्याच्या सुरीनं त्यांचे मायक्रॉनच्या दहाव्या भागाहून पातळ काप काढायचे, म्हणजे भिंतीच्या आत काय आहे ते दिसतं. आणि एकच भाग आम्लाला.

पुढे मार्च १९८४मध्ये मेसेल्सन आणि सीली थायलंडला गेले. तिथल्या मधमाश्यांचे जाणकार पोंगथेप अक्रतनकुल बरोबर होते. तिथे ते स्वतःच अशा पिवळ्या पावसात सापडले. काही मिनिटं थेंब पडत होते, आणि वर पाहिलं तर माश्या दिसतही नव्हत्या. इतक्या उंचावरून त्या उडत होत्या. या माश्या आपल्या ओळखीच्या आहेत. आपण ज्याला आग्या मोहोळ म्हणतो, त्याच. पाण्याच्या उंच टाकीवर, जुन्या वडावर पोळी असतात आणि खाली उभ्या केलेल्या पांढऱ्या मोटारीवर किंवा वाळत घातलेल्या धोतरावर हळदीचे शिंतोडे उडाल्यासारखे डाग पडतात, ते यांचेच. कोलकात्याजवळ संग्रामपूर इथे २००२ साली पिवळट-हिरवे थेंब पडून लोक घाबरले होते. तपासणीत आंबा आणि नारळ यांचे परागकण निघाले आणि तिथेही मधमाश्यांकडेच बोट गेलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. डाग मधमाश्यांचे होते, यावरून हमोंगांची दुःखं खोटी ठरत नाहीत. त्यांच्यावर हल्ले झाले, उपासमार झाली, रोगराईनं माणसं गेली. परागकणानं उत्तर दिलं ते पिवळ्या डागांबद्दल, तेवढ्याच प्रश्नाचं. अमेरिकी सरकारनं आपला आरोप पुढे औपचारिकपणे मागे घेतला नाही; पण ते डाग म्हणजे शस्त्र, या म्हणण्याला आज शास्त्रज्ञांत फारसा आधार उरलेला नाही.

दुसरं उदाहरण अलीकडचं आहे आणि आपल्या दम्याच्या रुग्णांनी लक्ष द्यावं असं. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियात मेलबर्नवर वादळ आलं आणि काही तासांत हजारो लोक धाप लागून रुग्णालयांत पोचले. दहा माणसं दगावली. संशय गेला राय गवताच्या परागकणांवर. अख्खा परागकण मोठा असतो, नाकातच अडकतो. पण पावसात भिजून तो फुटला तर आतले पिष्टाचे शेकडो बारीक कण ॲलर्जी आणणारी प्रथिनं घेऊन बाहेर पडतात आणि थेट फुप्फुसात उतरतात. समजा वादळानंतर हवेतून पकडलेल्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली फुटलेले परागकण दिसले. ते पावसानं फोडले की आपल्या निर्वात पेटीनं? एकटं छायाचित्र हे सांगू शकत नाही. त्यासाठी कोरड्या दिवशीचे दाणे त्याच पायऱ्यांतून, त्याच वेळी, शेजारच्या ठोकळ्यावर तयार केलेले लागतात. ते फुटलेले नसतील तरच पहिल्या चित्राला काही अर्थ.

ॲलर्जीच्या अभ्यासात आम्ल पूर्णपणे वर्ज्य, हे ओघानं आलंच. शिंका आणणारी प्रथिनं त्यात पहिल्यांदा जातात. गाजरगवताचं काटेरी कवच कितीही भयानक दिसलं तरी त्रास काट्यांचा होत नाही, प्रथिनांचा होतो. ती प्रथिनं दाण्यात कुठे दडली आहेत हे पाहायला इथेही सोनंच कामाला येतं, पण वेगळ्या तऱ्हेनं. नेमक्या त्या प्रथिनालाच चिकटणारी प्रतिद्रव्यं घेतात आणि त्यांना सोन्याचे अतिसूक्ष्म गोळे बांधतात. प्रतिद्रव्य जिथे जाऊन बसेल तिथे चित्रात काळा ठिपका उमटतो. ही युक्ती १९७१ सालची. मुलामा द्यायला सोनं आणि खूण करायलाही सोनं.

या सगळ्यातून माझ्यासारखीला लागलेली एक खोड सांगते. परागकणाचं छायाचित्र दिसलं की मी आधी चित्राकडे पाहत नाही, खालची ओळ वाचते. आम्लातून काढलेला, की कोरडा, की पाणी काढून फुगीर ठेवलेला? ती ओळ नसेल तर चित्र भिंतीवर लावायला ठीक आहे. वनस्पतिसंग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांच्या बाबतीत तर हे फारच जपावं लागतं. शंभर वर्षांपूर्वी वाळवलेल्या फुलातूनही उत्तम परागकण मिळतो, पण त्या फुलात परागकोश मोजकेच. चिमट्यानं एक उचलला की एक कमी झाला. म्हणून परवानगी घ्यायची, आणि कुणी, कधी, कशासाठी काढला याची चिठ्ठी त्या कागदावर लावून ठेवायची, म्हणजे पुढचा माणूस तेच काम करायला दुसरा परागकोश तोडणार नाही.

शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकावरही यातला थोडा भाग पाहता येतो. लिलीच्या फुलाची कोरडी पूड काचपट्टीवर झटका आणि आधी तशीच पाहा. निमुळत्या होड्या दिसतील. मग कडेनं पाण्याचा एक थेंब सोडा आणि नजर हलवू नका. मिनिटा-दोन मिनिटांत होड्यांचे फुगे होतात. काही फुलांचे दाणे साध्या पाण्यात फुटून जातात; तसं झालं तर थेंबभर साखरपाणी वापरून पाहा. आणि वहीत लिहून ठेवा, कुठला दाणा कोरडा पाहिला, कुठला पाण्यात, आणि कुठला साखरपाण्यात.